बॉस्टन सेल्टिक्सचे विजयवर्ष

राज्ये कशी मिळाली आणि कशी गेली, एवढ्यालाच इतिहास म्हणावे अशी समजूत पुष्कळ दिवस रूढ होती. परंतु माणसांचा एखादा समूह एकत्र येतो, वर्षानुवर्षे अपयश सोसतो आणि मग एके वर्षी त्याचे दैव पालटते, हे जेथे जेथे घडते तेथे तेथे इतिहासाला काम असते. मग तो समूह सैन्याचा असो की चेंडू खेळणाऱ्या दहाबारा गड्यांचा असो. आज अशाच एका समूहाची हकीकत मी आपणांस सांगणार आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहराचा ‘सेल्टिक्स’ हा बास्केटबॉलचा धंदेवाईक संघ १९५६-५७ च्या हंगामात प्रथमच अजिंक्य ठरला. त्यापूर्वीच्या दहा वर्षांत त्याला एकदाही ते पद मिळाले नव्हते. त्यानंतरच्या बारा वर्षांत ते दहा वेळा मिळाले. तेव्हा त्या एका वर्षी नेमके पालटले काय, हा आजचा प्रश्न होय.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. बास्केटबॉल हा काही रानावनात आपोआप उगवलेला खेळ नव्हे. त्याला एक जनक आहे आणि जन्मतिथीही आहे. मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणसंस्थेत जेम्स नेस्मिथ नावाचे कॅनडात जन्मलेले एक शिक्षक होते. हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली जात, आणि तरुण विद्यार्थी व्यायामशाळेतील कवायतीला कंटाळून जात. त्यांच्यासाठी नेस्मिथ ह्यांनी डिसेंबर १८९१ मध्ये तेरा नियम लिहून काढले आणि पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर ठोकून दिल्या. टोपल्या जाऊन लोखंडी कडे व जाळी आली, मागे फळी आली. पण ती दहा फुटांची उंची आजतागायत कायम आहे. आपल्या देशातही हा खेळ ह्याच संस्थेच्या व्यायामशिक्षकांबरोबर आला.

खेळ वाढला, प्रेक्षक वाढले, आणि मग धंदाही आला. मोठमोठ्या शहरांतील बर्फावरील हॉकीच्या बंदिस्त क्रीडागृहांच्या मालकांपुढे, हॉकीचा सामना नसेल त्या रात्री इमारत रिकामी का ठेवावी, असा अगदी व्यवहारी प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणून त्यांनी १९४६ साली एक मंडळ स्थापिले. १९४९ मध्ये ते दुसऱ्या एका मंडळाशी एकरूप झाले आणि त्यास ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’ हे नाव पडले. ह्या मालकांपैकी वॉल्टर ब्राउन हे बॉस्टन गार्डन ह्या क्रीडागृहाचे चालक होते. बॉस्टनमध्ये आयरिश वंशाची वस्ती मोठी; म्हणून त्यांनी आपल्या संघाला आयरिश लोकांच्या पूर्वजांचे ‘सेल्टिक’ हे नाव दिले.

नाव शुभ असले तरी प्रारंभ मात्र अशुभ झाला. पहिली चारही वर्षे संघ जिंकला त्याहून अधिक हरला; १९४९-५० मध्ये तर २२ सामने जिंकून ४६ गमावले. पैसा येईना, प्रेक्षक येईनात. अशा वेळी, १९५० मध्ये, ब्राउन ह्यांनी आर्नल्ड आउरबाख ह्यांस प्रशिक्षक नेमले. तांबड्या केसांमुळे सारे जग त्यांना ‘रेड’ म्हणे. ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या, ज्यू स्थलांतरिताच्या ह्या मुलाची जीभ तिखट, स्वभाव तापट. आणि सामना खिशात आला अशी खात्री होताच बाकावरच चिरूट पेटविण्याची त्यांची खोड प्रतिपक्षाला पराभवापेक्षाही अधिक झोंबत असे.

त्याच वर्षी दैवाने एक चमत्कार केला. त्या मंडळात महाविद्यालयीन खेळाडूंची वाटणी करण्याची एक रीत आहे: संघांनी पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडावा. बॉस्टनची पाळी पहिली होती. जवळच्याच होली क्रॉस महाविद्यालयात बॉब कूझी नावाचा अद्भुत चेंडूफेक्या होता, आणि बॉस्टनकरांना तोच हवा होता. आउरबाख ह्यांनी त्यांना न निवडता चार्ली शेअर ह्या धिप्पाड खेळाडूला निवडले. पुढे शिकागोचा संघ मोडला, त्याच्या तीन खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या एका टोपीत टाकल्या गेल्या, आणि बॉस्टनच्या वाट्याला जी चिठ्ठी आली तीवर कूझी ह्यांचेच नाव निघाले! ज्यांना हाताने दूर सारले तेच दारातून आत आले. त्याच निवडीत ब्राउन ह्यांनी चक कूपर ह्या कृष्णवर्णीय खेळाडूची निवड केली. ह्या मंडळात निवडले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय होत. ह्या गोष्टीचा संबंध पुढे येईल.

कूझी आले आणि संघ पालटला. पाठीमागून चेंडू देणे, पाहावे एकीकडे आणि टाकावा दुसरीकडे, असे त्यांचे खेळणे पाहून लोक खुळावले. त्यांच्या जोडीला बिल शार्मन ह्यांची अचूक फेक आणि एड मॅकॉली ह्यांचे कौशल्य होते. शिवाय १९५४ मध्ये एक नियम असा झाला की, तो जणू ह्या संघासाठीच केला असावा. तोपर्यंत पुढे असलेला संघ चेंडू नुसता आपसांत खेळवीत वेळ काढी. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाने ह्याच युक्तीने मिनिआपोलिसचा पराभव केला, तेव्हा गुणसंख्या होती अवघी १९ आणि १८! प्रेक्षक पैसे देऊन कशाकरिता येतील? सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बायासोन ह्यांनी त्रैराशिक मांडले: रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा चेंडू कड्याकडे फेकतात, सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा, भागाकार आला २४. तेव्हापासून चेंडू हाती आल्यावर चोवीस सेकंदांत फेक केलीच पाहिजे असे ठरले. एका भागाकाराने खेळ वाचविला असे उदाहरण अंकगणिताच्या शिक्षकाने जपून ठेवण्याजोगे आहे.

नव्या नियमाखाली बॉस्टनचा संघ भराभर गुण मिळवू लागला. १९५४-५५ मध्ये सरासरीने सामन्यामागे शंभरांहून अधिक गुण मिळविणारा तो पहिला संघ ठरला. पण श्रोतेहो, त्याच वर्षी त्याने ३६ सामने जिंकले आणि ३६ च गमावले! डाव्या हाताने मिळवावे आणि उजव्या हाताने उधळावे, असा तो संसार होता. १९५४, १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ तीन वर्षे सिराक्यूजच्या संघाने बॉस्टनला अंतिम फेरीपूर्वीच घरी धाडले. कारण उघड होते. नेम चुकलेला चेंडू फळीवर वा कड्यावर आदळून परत येतो, तेव्हा तो जो झेलील त्याची पुढची चढाई. बॉस्टनकडे तो झेलणारा बलवान गडी नव्हता. दौडणारे घोडे होते, पण त्यांच्या हाती लगाम देणारा कोणी नव्हता.

तो खेळाडू दूर पश्चिम किनाऱ्यावर तयार होत होता. बिल रसेल ह्यांचा जन्म १९३४ साली, वर्णभेदाने ग्रासलेल्या लुइझियाना संस्थानातील मन्रो गावी झाला. दक्षिणेतील अपमानाला कंटाळून त्यांचे कुटुंब कॅलिफोर्नियात ओकलंड येथे गेले. शाळेत हा मुलगा काही नावाजलेला खेळाडू नव्हता. शिष्यवृत्ती देऊ करणारे एकच विद्यापीठ निघाले, ते सॅन फ्रान्सिस्को येथील. त्याच विद्यापीठाला रसेल ह्यांनी १९५५ आणि १९५६ असे दोनदा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. उंची सुमारे पावणेसात फूट. परंतु उंच माणसे पुष्कळ असतात. रसेल ह्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या विचारात होते. बचाव करणाऱ्याने पाय जमिनीवरून उचलू नयेत, असा तेव्हाच्या प्रशिक्षकांचा दंडक होता. रसेल उडी घेत, प्रतिपक्षाच्या हातून सुटलेला चेंडू वरच्यावर अडवीत, आणि तो बाहेर न फटकावता हलकेच आपल्या सोबत्याकडे वळवीत. एका क्षणात बचावाची चढाई होई.

आउरबाख ह्यांनी हे हेरले. पण १९५६ च्या निवडीत पहिली पाळी रॉचेस्टरची, दुसरी सेंट लुइसची; बॉस्टनचा नंबर फार मागे. रॉचेस्टरकडे मॉरिस स्टोक्स हा उत्तम उंच खेळाडू आधीच होता, आणि त्यांनी दुसऱ्याच एका खेळाडूला पसंती दिली. ब्राउन ह्यांचा बर्फावरील नृत्याच्या कंपनीशी संबंध होता. त्या लोकप्रिय प्रयोगांचे आमिष रॉचेस्टरच्या मालकांना दाखविण्यात आले, अशी आख्यायिकाही सांगतात. सेंट लुइसचा सौदा मात्र रोखठोक होता. त्याची पाळी मिळविण्यासाठी बॉस्टनने मॅकॉली आणि क्लिफ हेगन हे दोन खेळाडू देऊन टाकले. मॅकॉली हे बॉस्टनचे लाडके. परंतु ते मूळचे सेंट लुइसचे, घरी तान्हे मूल अत्यवस्थ, म्हणून त्यांनाही स्वगृही जाणे मानवले. त्याच निवडीत होली क्रॉसचे टॉम हाइनसन आणि रसेल ह्यांचे विद्यापीठातील सोबती के. सी. जोन्स हेही बॉस्टनला मिळाले.

हंगाम सुरू झाला तेव्हा रसेल बॉस्टनमध्ये नव्हतेच. १९५६ चे ऑलिंपिक सामने मेलबर्न येथे नोव्हेंबर-डिसेंबरात होते. तेथे रसेल ह्यांचा अमेरिकन संघ अंतिम सामन्यात सोव्हिएट रशियाचा ८९-५५ असा पराभव करून सुवर्णपदक घेऊन आला. २२ डिसेंबर १९५६ रोजी रसेल बॉस्टनच्या वतीने पहिला सामना खेळले. समोर योगायोगाने सेंट लुइसचाच संघ होता, आणि बॉस्टनने तो सामना जिंकला.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने जरा थांबले पाहिजे. रसेल येण्यापूर्वी बॉस्टनने २४ पैकी १६ सामने जिंकले होते. रसेल खेळले त्या ४८ पैकी २८ जिंकले. म्हणजे प्रमाण वाढले नाही, उलट किंचित घटले! केवळ आकडे पाहणारा म्हणेल की, ह्या माणसाने संघाचे काहीच भले केले नाही. पण आकडा खरा असूनही त्याचा अर्थ खोटा निघू शकतो. पूर्वीही ह्या संघाचे हंगामातील सामने बरे जात. खरे दुखणे शेवटच्या फेऱ्यांत डोके वर काढी. तेथे चुकलेला प्रत्येक चेंडू सोन्याच्या मोलाचा होतो. रसेल ह्यांनी त्या हंगामात सामन्यामागे सरासरी १९ हून अधिक परतलेले चेंडू हस्तगत केले. तो चेंडू ते तत्काळ कूझींच्या हाती देत, आणि कूझी वाऱ्यासारखे सुटत. ह्याच वर्षी कूझी मंडळातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले आणि हाइनसन सर्वोत्कृष्ट नवागत. आणखी एक नाव विसरता येत नाही. आर्नी रायझन हे संघातील जुने उंच खेळाडू. रसेल आले म्हणजे आपली जागा गेली, हे त्यांना दिसत होते. तरीही कोणत्या प्रतिस्पर्ध्याशी कसे खेळावे, हे त्यांनी स्वतः रसेल ह्यांना शिकविले.

बॉस्टनने ४४ विजय व २८ पराभव अशी आठ संघांत सर्वोत्तम कामगिरी केली. मग पुढच्या फेरीत समोर पुन्हा सिराक्यूज उभा राहिला. ह्या खेपेस बॉस्टनने त्याला ३-० असे साफ धुतले. अंतिम फेरीत गाठ पडली सेंट लुइसशी, म्हणजे ज्याला मॅकॉली आणि हेगन दिले त्याच संघाशी! ज्यांना १९५० मध्ये कूझींऐवजी निवडले होते ते चार्ली शेअरही आता तेथेच होते. आणि त्या संघाचे मालक बेन कर्नर हे आउरबाख ह्यांचे पूर्वीचे धनी. त्यांच्याशी न पटल्यामुळेच आउरबाख नोकरी सोडून बॉस्टनला आले होते. देवाणघेवाणीचे सारे हिशेब एकाच अंगणात चुकते व्हावयाचे होते.

सात सामन्यांपैकी चार जिंकावयाचे. पहिला सामना दोन जादा डावांनंतर सेंट लुइसने दोन गुणांनी जिंकला. तिसऱ्या सामन्यापूर्वी कड्याच्या उंचीवरून वाद निघाला आणि आउरबाख ह्यांनी कर्नर ह्यांच्या तोंडावर ठोसाच मारला. त्याबद्दल त्यांना ३०० डॉलर दंड झाला. हे वर्तन निंद्यच होय. पण वातावरण किती तापले होते हे त्यावरून समजावे. सहाव्या सामन्यात अगदी अखेरच्या क्षणी हेगन ह्यांनी चेंडू आत ढकलून बॉस्टनला ९६-९४ असे हरविले आणि फेरी तीन-तीन अशी बरोबरीत आणली.

सातवा सामना १३ एप्रिल १९५७ रोजी बॉस्टन गार्डनमध्ये तेरा हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर झाला. त्या दिवशी बॉस्टनच्या दोन्ही धुरंधरांचे हात जणू बांधले गेले. कूझींच्या २० फेकींपैकी २ साधल्या, शार्मन ह्यांच्या २० पैकी ३. चाळीस फेकींत पाच! संघ बुडावयाचा तो तरला दोन नवागतांच्या बळावर. हाइनसन ह्यांनी ३७ गुण मिळविले आणि २३ वेळा परतलेला चेंडू काबीज केला. रसेल ह्यांनी १९ गुण मिळविले आणि ३२ चेंडू काबीज केले. प्रतिपक्षी बॉब पेटिट हे नरवीर ३९ गुण मिळवून एकहाती झुंजत होते. शेवटच्या मिनिटात सेंट लुइसचे जॅक कोलमन एकटेच चेंडू घेऊन कड्याकडे सुटले. वाटेत कोणी नाही, गुण झाल्यातच जमा. रसेल मैदानाच्या अगदी दुसऱ्या टोकाला होते. तेथून ते धावत आले, आणि कोलमन ह्यांच्या हातून निघालेला चेंडू त्यांनी हवेतच अडविला. तथापि पेटिट ह्यांनी दोन मुक्त फेकी साधून १०३-१०३ अशी बरोबरी केलीच. पहिला जादा डाव ११३-११३. दुसऱ्या जादा डावात पाच चुका भरल्यामुळे… नव्हे, नियमाने सहा, हाइनसन बाहेर गेले आणि तोंडावर टॉवेल घेऊन बसले. फ्रँक रॅमझी ह्यांच्या मोक्याच्या गुणांनी आणि जिम लोस्कुटॉफ ह्यांच्या मुक्त फेकीने बॉस्टन १२५-१२३ असा पुढे गेला. सेकंदही मोजके उरले. सेंट लुइसचे प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम स्वतःच खेळत होते. त्यांनी चेंडू मैदानाच्या ह्या टोकावरून त्या टोकाच्या फळीवर असा मारला की, तो उसळून नेमका पेटिट ह्यांच्या हाती आला. पेटिट ह्यांनी तो कड्याकडे ढकलला. तो कड्यावर घुटमळला, आणि बाहेर पडला. बॉस्टन अजिंक्य झाले.

विजयाची ही बाजू सर्वांना दिसली. दुसरी बाजू पाहिल्याशिवाय हकीकत पुरी होत नाही. चक कूपर १९५४ मध्येच दुसरीकडे गेले होते, आणि १९५६-५७ च्या संघात रसेल हे एकटेच कृष्णवर्णीय होते. ते पहिला सामना खेळले त्याच्या आदल्याच दिवशी, २१ डिसेंबर १९५६ रोजी, अलाबामा संस्थानातील माँटगमरी येथे कृष्णवर्णीय नागरिक वर्षभराच्या बहिष्कारानंतर बसगाडीत हव्या त्या जागी बसू लागले होते. असा तो काळ. सेंट लुइसच्या प्रेक्षकांत रसेल ह्यांना शिव्या ऐकाव्या लागत, आणि त्या शहरातील उपाहारगृहांत त्यांना जागा मिळत नसे. पुढे १९६१ साली केंटकीतील लेक्झिंग्टन येथे ह्याच दोन संघांचा प्रदर्शनीय सामना ठरला. तेथील हॉटेलच्या उपाहारगृहात बॉस्टनच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना खाणे नाकारले, तेव्हा रसेल व त्यांचे सोबती सामना न खेळता परत गेले. खुद्द बॉस्टननजीकच्या रीडिंग गावी त्यांच्या घरात शिरून लोकांनी नासधूस केली आणि भिंतींवर अपशब्द लिहिले. ज्याने शहराला अजिंक्यपद दिले, त्याला शेजार मात्र मिळाला नाही. टाळ्या वाजविणारे हात आणि दार लावून घेणारे हात पुष्कळदा एकच असतात, हा धडा ह्या इतिहासातून निघतो. आणि तो एकट्या अमेरिकेने शिकावयाचा आहे असे मानण्याचे कारण नाही.

तथापि संघाच्या आत मात्र वेगळे राज्य होते. आउरबाख खेळाडूची जात वा रंग पाहत नसत. तो जिंकण्यास उपयोगी आहे की नाही एवढेच पाहत. १९५८ मध्ये रसेल ह्यांचा घोटा दुखावला आणि सेंट लुइसने अजिंक्यपद हिरावून नेले. पण १९५९ पासून १९६६ पर्यंत सलग आठ वर्षे ते बॉस्टनकडे राहिले. १९६६ मध्ये आउरबाख निवृत्त झाले आणि त्यांनी आपली जागा रसेल ह्यांना दिली. अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या धंदेवाईक खेळात आधुनिक काळात मुख्य प्रशिक्षक झालेले ते पहिले कृष्णवर्णीय समजले जातात. त्यांच्या हाताखाली १९६८ व १९६९ ची अजिंक्यपदे आली. तेरा वर्षे खेळून अकरा अजिंक्यपदे मिळवून ते थांबले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा ६ हा क्रमांक संपूर्ण मंडळातच यापुढे कोणास न देण्याचे ठरले. असा मान तोपर्यंत कोणासही मिळाला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९५६-५७ मध्ये काय पालटले? गुण मिळविणारे पूर्वीही होते. नवे आले ते एवढेच की, दुसऱ्याचे गुण अडविणे हेही तितकेच मोठे काम आहे असे मानणारा एक माणूस आला, आणि ते ओळखणारे दोन जाणते त्याला लाभले. गंमत अशी की, अडविलेल्या फेकींची अधिकृत नोंद ठेवण्यास ह्या मंडळाने १९७३-७४ पासून आरंभ केला. रसेल तर १९६९ मध्येच निवृत्त झाले होते. सबब त्यांच्या ज्या गुणाने इतिहास घडला, त्या गुणाचा आकडा कोणत्याही वहीत नाही. जन्मभर मुलांना गुण देण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा माझ्यासारख्या शिक्षकाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. वर्गात पहिला येणारा सर्वांना ठाऊक असतो. ज्याच्यामुळे सारा वर्ग उभा राहतो त्याच्यासाठी प्रगतिपुस्तकात रकाना नसतो. आपल्या घरात, कचेरीत, संस्थेत असे कोण आहे, ह्याचा शोध प्रत्येकाने घ्यावा, आणि तो लागल्यास त्या माणसाला वेळीच तसे सांगावे. इतके सांगून मी आपली रजा घेतो.